थॉमसरावांची दोन लायसन्स

"इंग्रजी ते इंग्रजी, भाऊजी! त्यात दोनशे वर्षांपूर्वीचं काय नि परवाचं काय? तुम्ही निर्धास्त राहा. मुलाचं अख्खं घराणं मी फ्रेम करून भिंतीवर टांगतो!"

हे अंबरीश देशकर आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या आपल्या फ्लॅटमधून नागपूरला व्हिडिओ कॉलवर बोलला. पलीकडे त्याचे मेहुणे सुभाषराव होते आणि त्यांच्या खांद्याआडून त्याची थोरली बहीण लता डोकावत होती. विषय त्यांच्या मुलीचा होता. ज्ञानदा तिथेच जवळ चेरीवूडला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिनं ऑफिसातल्याच फर्गल ऑल्डरसनशी लग्न ठरवलं होतं. मुलगा सुभाषरावांना पसंत होता. वरणभात हातानं कालवून खातो, ठेचा खाऊन रडतो पण मागे हटत नाही. आणखी काय पाहिजे? फक्त एक गोष्ट त्यांच्या घशात अडकली होती.

"घराणं काही समजून नाही राहिलं नं, बाप्पा! आपल्याकडे कसं, मूळ गाव कोणतं, आजोळ कोणतं, सगळं सांगता येते. या पोराला विचारलं तर म्हणते, 'वी आर फ्रॉम स्लायगो.' अरे, पण त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी इंग्लंड," अंबरीश म्हणाला. "फर्गलच्या आजीनं सांगितलंय. थॉमस ऑल्डरसन नावाचा दोरखंड वळणारा कारागीर व्हिटबी बंदरातून बायकोला घेऊन स्लायगोला आला. बायकोचं नाव हॅना. बाकी कागद मी काढतो!"

कागदांबाबत अंबरीशला गर्व होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. डब्लिनजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात कागद तपासणं हाच त्याचा धंदा होता. तिथला एकच धर्म: जे लिहिलंय ते घडलं, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही! कुठल्या पानावर कुणाची सही राहिली आहे, हे त्याला म्हणे फाइल उघडायच्या आधी वासावरून कळायचं.

इंग्लंडच्या एका अभिलेखागाराशी त्याचा पत्रव्यवहार झाला आणि काही दिवसांत ईमेलवर एका जुन्या कागदाचा फोटो आला. थॉमस आणि हॅना यांचा मॅरेज बॉण्ड, सन सतराशे ब्याण्णव, महिना जून.

अंबरीशनं फोटो उघडला. मधाच्या रंगाचा कागद. तपकिरी शाई. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग. आणि खाली, सहीच्या जागी, थॉमसचं नाव नव्हतंच. त्याला लिहिता येत नसणार. तिथे होतं एक वेटोळं, दोराची गाठ मारावी तसं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं जीभ दाताखाली धरून काढलेलं ते वेटोळं आपण सँडीफोर्डला, मांडीवर लॅपटॉप घेऊन बघतो आहोत! अंबरीशचे हात आपोआप जोडले गेले.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यानं वाचायला सुरुवात केली.

"भाऊजी, ऐका! पहिलीच ओळ. 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स.' म्हणजे, सर्व पुरुषांना या भेटवस्तूंवरून कळावे!"

"म्हणजे आहेर?" सुभाषराव ताठ झाले.

"आहेरच! आणि तोही सगळ्या पुरुषांना. रीतच आहे त्यांच्यात."

"बरं झालं सांगितलं! नाहीतर तिथं जाऊन नाक कापलं गेलं असतं."

"पुढे ऐका. थॉमस ऑल्डरसन आणि जॉन ब्रेथवेट हे दोघं 'हेल्ड अँड फर्मली बाउंड.' घट्ट बांधलेले! मैत्रीच्या बंधनात हो. काय काव्य आहे! आणि हॅना कोण? 'स्पिन्स्टर.' सूत कातणारी! ती सूत कातणार, हा दोर वळणार. सूत जुळायचंच!"

नागपूरला लतानं पदर डोळ्यांना लावला. आणि दुसऱ्या दिवशी सुभाषरावांनी बाजारात जाऊन जरीकाठी उपरण्यांचा एक गठ्ठाच उचलला. ऑल्डरसनांकडचा एकही पुरुष मोकळ्या खांद्यानं राहता कामा नये!

साखरपुडा स्लायगोला ठरला, फर्गलच्या आजीकडे. आजीचं नाव मेव्ह. सगळे तिला नाना म्हणत; तिकडे आजीला तसंच म्हणतात. नव्वदीला टेकलेली, काठीसारखी सरळ आणि काठी न घेणारी. हॅनाची अंगठी पिढ्यान् पिढ्या घरातल्या थोरल्या सुनेकडे येत आली होती. ती आता नानाच्या बोटात होती आणि तिथून ज्ञानदाच्या बोटात जाणार होती. त्याच वेळी अंबरीश वंशवृक्ष वाचून दाखवणार होता. फ्रेमही करून आली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आणखी एक ईमेल आला. थॉमसच्या नावाचं आणखी काही असेल तर पाठवा, असं अंबरीशनंच हौसेनं लिहिलं होतं. होतं ना! दुसरा बॉण्ड. तोच थॉमस, तेच वेटोळं, तेच वर्ष. महिना मार्च. आणि बायको?

मार्था ब्रेथवेट!

अंबरीशनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मार्चमध्ये मार्था, जूनमध्ये हॅना. पहिलीची हळद उतरायच्या आधी दुसरीला हळद लावावी तसा प्रकार! आणि जे लिहिलंय ते घडलं. म्हणजे घडलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत अंबरीश आणि त्याची बायको रेवती. मागच्या गाडीत फर्गल, ज्ञानदा आणि नागपूरहून आलेले सुभाषराव नि लता, शिवाय उपरणी. लाँगफर्ड मागे पडल्यावर अंबरीशनं गाडीतल्या फोनवरून मागे कॉल लावला, पुढच्या चौकात डावीकडे वळायचं आहे असं सांगितलं आणि कॉल बंद केला. म्हणजे, बंद केला असं त्याला वाटलं.

"तुझं तोंड कालपासून एरंडेल प्यायल्यासारखं का झालंय?" रेवतीनं विचारलं.

"कुणाला सांगणार नसशील तर सांगतो. बिगॅमी!"

"काय?"

"दोन लग्नं! तीन महिन्यांत दोन! फर्गलचं घराणं उभंच आहे ते इल्लीगल लग्नावर. भाऊजींना कळलं तर आज साखरपुडा नाही, श्राद्ध होईल!"

गाडीच्या स्पीकरमधून एक खोकला आला. नागपुरी खोकला.

"कळलं," सुभाषराव म्हणाले.

मागची गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर कचकन थांबली. फर्गल उतरला तो पांढराफटक. मुळात गोरा, त्यात घाबरलेला, अगदी खडू! त्याला मराठीतले मोजके शब्द यायचे. या संभाषणातून त्याच्या हाती लागलं होतं ते एवढंच: बिगॅमी, फर्गल, इल्लीगल आणि लग्न.

"अंबरीश, शपथेवर सांगतो, माझं आधी कधीच लग्न झालेलं नाही!"

"अरे, तू नाही रे! थॉमस!"

"कोण थॉमस? आमच्या टीममधला?"

सगळं समजावून सांगितल्यावर फर्गल आधी मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं. "नानाला सांगू नका," तो म्हणाला. "ती अंगठी तिनं आजोबा गेल्यावरसुद्धा काढली नाही. फक्त ज्ञानदासाठी काढणार आहे."

"त्या अंगठीनं साखरपुडा नाही होणार," सुभाषराव म्हणाले. "एका बाईला फसवून दुसरीला घातलेली अंगठी माझ्या पोरीच्या बोटात? आधी हे निस्तरा."

"बाबा, दोनशे वर्षं झाली त्याला!"

"पाप काय दुधासारखं असते का, तारीख उलटली की फेकून द्यायला?"

ज्ञानदानं गाडीचं दार असं आपटलं की पंपावरचे दोन कावळे उडाले.  कॉल बंद आहे की चालू, हे पुढचा सगळा रस्ता अंबरीश दर वळणावर तपासत होता.

नानाचं घर स्लायगोच्या बाहेर, समुद्राकडच्या अंगाला. आत ऑल्डरसनांचं सगळं गोत जमलं होतं. चुलते, आत्या, चुलत भावंडं, रांगणारी, रडणारी. सुभाषरावांनी कर्तव्यात कसूर केली नाही. दारातच एकेका पुरुषाला पकडून त्यांनी उपरणं घातलं. एक ट्रॅक्टर चालवणारा सहा फुटी चुलता जरीकाठ चाचपत "दॅट्स ग्रँड, दॅट्स ग्रँड" म्हणत राहिला. पाळण्यातल्या बाळालाही सुटका नव्हती. पाहता पाहता नानाचं स्वयंपाकघर भजनी मंडळासारखं दिसायला लागलं!

मग नाना खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हं, अंबरीश. सांग बघू आमची गोष्ट."

अंबरीश फ्रेम घेऊन उभा राहिला. त्यानं व्हिटबी बंदराचं वर्णन केलं. दोरखंड कसे वळतात ते सांगितलं. तागाच्या प्रतवारीवर तो इतका वेळ बोलला की एक म्हातारे चुलते डुलक्या घ्यायला लागले.

"सगळं छान आहे," नाना म्हणाली, "पण त्यांचं लग्न केव्हा झालं?"

"लग्न… हो, लग्न. लग्न ही संस्था तशी फारच जुनी आहे…"

सुभाषरावांना खोटं बोलणं जमत नसे, आणि दुसऱ्याचं पाहणं तर मुळीच नाही. ते उठले. "मॅडम! युवर थॉमस, टू वाइफ! वन मार्च, वन जून!"

 स्वयंपाकघरात एकच कल्ला! फर्गलची आत्या ऑर्ला ओरडली, "म्हणजे आपण सगळेच अनौरस?" एक चुलत भाऊ म्हणाला, "शाब्बास रे थॉमस!" आणि त्याच्या बायकोनं त्याला उपरण्याला धरून खाली बसवलं. कुणीतरी 'प्रेस', म्हणजे तिकडच्या इंग्रजीतलं फडताळ, उघडून व्हिस्की काढली.

 नानानं मात्र फक्त उजव्या हाताचा तळवा डाव्या हातावर ठेवला. अंगठी झाकली. लपवल्यासारखी.

ते अंबरीशला दिसलं. आपण काय करून बसलो? एका म्हातारीच्या हातातून आपण तिचं घर काढून घेतलं. आणि तेही एका फोटोवरून, सोफ्यावर बसून, एकदा वाचून! कामावर कुणी असा कागद वाचला असता तर त्यानं त्याला दारातून आत घेतलं नसतं.

"मला पुन्हा वाचू द्या," तो म्हणाला. "या वेळी नीट."

त्यानं दोन्ही कागदांच्या प्रती टेबलावर पसरल्या, चष्मा चढवला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ज्ञानदा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा राग गेला नव्हता, पण आली.

"बाय दीज प्रेझेंट्स," अंबरीशनं वाचलं आणि थांबला. "प्रेझेंट्स म्हणजे… अरेच्चा! म्हणजे हा समोर हजर असलेला कागद. 'या कागदान्वये सर्वांना कळावे.' आहेर नव्हे."

सुभाषरावांनी खोलीभर नजर फिरवली. वीस-पंचवीस जरीकाठ चमकत होते.

"वाच पुढे," ते बारीक आवाजात म्हणाले.

"हेल्ड अँड फर्मली बाउंड. बांधलेले. कशानं बांधलेले? एका मोठ्या रकमेनं."

"मामा, थांब," ज्ञानदा म्हणाली. "बॉण्ड! अरे, माझ्या पुण्यातल्या पहिल्या कंपनीनं नव्हता का लिहून घेतला? दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पैसे भरायचे. आणि जामीन म्हणून सही कुणाची होती?"

"माझी," अंबरीश म्हणाला. त्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे हा जॉन ब्रेथवेट… जामीन आहे! मैत्रीचं काव्य नाही, हमीपत्र आहे हे. या लग्नाला 'लॉफुल लेट' निघालं तर दंड भरू. लेट! डब्लिनमध्ये घरावर 'टू लेट'ची, भाड्याची, पाटी दिसली की आपण नाचतो, आणि इथे लेट म्हणजे अडथळा! आधीचं लग्न, आधीचा शब्द, असलं काही निघालं तर दोघंही बुडाले. ही हमी दिली की मग लग्नाचं लायसन मिळायचं."

"मग मामा, लग्नाची तारीख कुठेय?"

"ही काय, वर…"

"ती कागद केल्याची. लग्न झाल्याची कुठेय?"

अंबरीशचं बोट मार्चच्या कागदावरून वरून खाली गेलं. मग जूनच्या. मग पुन्हा मार्चच्या. खोलीत सगळे पुढे झुकले होते. उपरणी टेबलावर लोंबत होती.

"नाहीये," तो म्हणाला. "कुठेच नाहीये. हे लग्न नाही. ही लग्नाची परवानगी आहे! लर्नर परमिट काढलं म्हणजे गाडी चालवली असं थोडंच आहे!"

"माझंच बघा, परमिट कधीचं काढलंय," मागून ट्रॅक्टरवाला चुलता म्हणाला. कुणी हसलं नाही.

"आणि स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी नव्हे, अविवाहित! तसंच बघा, जूनच्या कागदात थॉमसच्या नावापुढे काय लिहिलंय. बॅचलर! विधुर नाही, बॅचलर. मार्थाशी त्याचं लग्न झालंच नाही. कागद झाला, लायसन निघालं, आणि मग काहीतरी झालं. ती नको म्हणाली, की तो, की आजारी पडली, ते इथे लिहिलेलं नाही."

चर्चच्या नोंदवहीची प्रत पुढे रीतसर मागवली गेली; तिच्यात थॉमसच्या शेजारी एकच नाव होतं, हॅनाचं. पण त्या दुपारी कुणाला त्या प्रतीची गरज वाटली नाही. कारण अंबरीशचं बोट आता जामिनाच्या सहीवर थांबलं होतं.

"काय झालं?" नानानं विचारलं.

"जॉन ब्रेथवेट," अंबरीश हळूच म्हणाला. "दोन्ही कागदांवर जामीन तोच आहे. ती मार्था ब्रेथवेट, हा जॉन ब्रेथवेट. भाऊ असणार तिचा. ज्याचं आपल्या बहिणीशी लग्न मोडलं, त्याच माणसासाठी, तीन महिन्यांनी, हा पुन्हा गेला आणि लिहून दिलं, की या माणसाच्या लग्नाला काही अडथळा नाही. काही निघालं तर मला बुडवा."

कुणीतरी नाक ओढलं. बहुधा ऑर्ला होती.

अंबरीशनं मान वर केली. समोर ते सगळे उभे होते. तांबड्या केसांचे, टकलांचे, ठिपक्याठिपक्यांच्या गालांचे. दारात रांगणारं एक, कडेवर झोपलेलं एक. नानाची सरळ मान आणि फर्गलची तशीच सरळ मान. तो शेकडो वेळा असल्या रकान्यांतून फिरला होता, पण रकान्यांतली माणसं अशी समोर कधी उभी राहिली नव्हती. 

"नाना," तो म्हणाला, "मार्चचं लायसन वापरलं गेलं असतं ना, तर या खोलीत कुणीच नसतं. तुम्ही नाही, फर्गल नाही, ते बाळ नाही. ही सगळी खोली रिकामी. एक मुलगी एका सकाळी चर्चला गेली नाही, एवढ्यावर तुम्ही सगळे उभे आहात!"

 लोक एकमेकांकडे पाहायला लागले, जणू पहिल्यांदाच भेटत होते. एका आईनं कडेवरच्या मुलाला जरा घट्ट धरलं. सुभाषरावांनी ज्ञानदाकडे पाहिलं, मग फर्गलकडे, मग डोळे पुसायला उगाच खिडकीशी गेले.

मग नानानं चहाचा कप उचलला. "मार्थासाठी," ती म्हणाली. "देव तिचं भलं करो. आली नाहीस, फार बरं केलंस, बाई!"

"मार्थासाठी!" सगळी खोली दुमदुमली.

नानानं अंगठी काढली. सहज निघेना, साबण लावावा लागला. सुभाषरावांनी ती स्वतः दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि फर्गलच्या हातात दिली. लतानं कुंकू लावलं. ज्ञानदाच्या बोटात ती थोडी सैल बसली आणि सगळे एकदम रडायला नि हसायला लागले.

जेवणं झाल्यावरही सुभाषरावांच्या डोक्यातून जॉन ब्रेथवेट जात नव्हता. ते अंबरीशच्या शेजारी येऊन बसले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "काय माणूस असेल नं तो! साला असावा तर असा. अंबरीश, खरं सांग, माझ्यासाठी तू राहिला असता असा जामीन उभा?"

 अंबरीशनं भाऊजींचा हात हातात घेतला. "डोळे मिटून, भाऊजी! डोळे मिटून!"

समोर पुडिंग खात बसलेल्या लताला ठसका लागला.

"हा? हा जामीन? अहो, आपल्या हळदीच्या दिवशी, वर्ध्याच्या आमच्या घरी, हा माझ्या कानात म्हणाला होता, 'ताई, हा माणूस मला काही ठीक वाटत नाही. अजून वेळ आहे. मागच्या दारी ऑटो आणून उभा करू का?'"

"ताई!" अंबरीश कळवळला.

"आणि नुसतं म्हणाला नाही, गेलाही आणायला! वर्ध्याच्या स्टँडवर सगळे ऑटोवाले जेवायला गेले होते, म्हणून हात हलवत परत आला. मीही तोवर मेंदी वाळवत बसले होते, म्हटलं, येतो का बघू."

"आई!" ज्ञानदा किंचाळली. "म्हणजे ऑटो मिळाला असता तर मी…?"

फर्गल सगळ्यांना विचारत होता, काय झालं, काय झालं. कुणीतरी त्याला इंग्रजीत सांगितलं, त्यानं नानाला सांगितलं, आणि ऑल्डरसनांची अख्खी खोली वळून अंबरीशकडे पाहायला लागली.

 सुभाषरावांनी अंबरीशच्या हातातून आपला हात सावकाश सोडवून घेतला.

"त्यांचं घराणं काढता काढता आमचंही निघालं म्हणायचं," ते म्हणाले. "मूळपुरुष, वर्धा स्टँडवरचा एक भुकेला ऑटोवाला!"